दीड एकराचे तळे, लार्जमाउथ बास आणि पेटीत टिकून राहिलेली आमिषे

न्यू जर्सीमध्ये आमच्या वसाहतीच्या मागे पावसाचे पाणी अडवण्यासाठी खोदलेले एक तळे आहे. क्षेत्र जेमतेम दीड एकर, खोली मध्यभागी सात-आठ फूट, एका कोपऱ्यात पाणी आत आणणारी सिमेंटची नळी, समोरच्या बाजूस जास्तीचे पाणी वाहून नेणारा जाळीदार चौथरा आणि जून उजाडला की काठापासून चार-पाच फुटांपर्यंत पसरलेला शेवाळाचा पट्टा, एवढाच त्याचा पसारा. या पाण्यात ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे मासे आहेत, बेडूक आहेत आणि या दोघांवर जगणारे लार्जमाउथ बास हे मोठ्या तोंडाचे शिकारी मासे आहेत. गेले तीन हंगाम मी येथे काठावरून गळ टाकत आलो आहे. त्या काळात विकत घेतलेल्या कृत्रिम आमिषांपैकी कोणती कामाला आली आणि कोणती पेटीतच पडून राहिली, त्याचे हे परीक्षण आहे.

आरंभीच सांगितले पाहिजे की बासच्या आमिषांचा अमेरिकेतील बाजार प्रामुख्याने मोठ्या सरोवरांसाठी आणि होडीतून गळ टाकणाऱ्यांसाठी मांडलेला असतो. तेथे एका सकाळी शेकडो एकर पाणी धुंडाळायचे असते, म्हणून वेगाने ओढता येणारी, दूर जाणारी, आवाज करणारी आणि चकाकणारी आमिषे उपयोगी पडतात. लहान तळ्यात परिस्थिती याच्या नेमकी उलट असते, कारण मासा शोधण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. तो तुमच्यापासून वीस-पंचवीस पावलांच्या आतच कोठेतरी असतो, आणि तो बिथरला तर दुसरीकडे जाऊन नवा मासा गाठण्याची सोय नसते. त्यामुळे आमिष निवडताना मी आता एकच कसोटी लावतो: ते पाण्यात पडताना किती कमी गडबड करते आणि एका जागी किती वेळ जिवंत वाटते. पहिल्या वर्षी ही समज नसल्याने मी इंटरनेटवरून शंभर नगांचा एक स्वस्त संच मागवला होता. त्या पेटीतील बहुतेक आमिषे वेगाने ओढण्याची होती, काहींचे गळ पहिल्याच ओढीला सरळ झाले, आणि आज त्यातील शिशाची वजने तेवढी वापरात आहेत.

आता ज्या आमिषाने माझे मत बदलले त्याविषयी. गॅरी यामामोटो यांच्या कंपनीची ‘सेन्को’ ही १९९० च्या दशकात बाजारात आलेली मऊ प्लास्टिकची अळी दिसायला इतकी साधी आहे की दुकानात ती हातात घेतल्यावर एखादी पेन्सिल वितळून मऊ झाली असावी असे वाटते. तिला शेपूट नाही, पाय नाहीत, चकाकी नाही. तिच्या प्लास्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळलेले असते आणि सारी करामत त्या मिठाच्या वजनात आहे. शिसे न लावताही ती पुरेशी लांब फेकता येते आणि पाण्यात आडवी, हळूहळू, दोन्ही टोके थरथरवत बुडते. गळ अळीच्या टोकात न खुपसता बरोबर मध्यभागी आडवा घालण्याच्या पद्धतीला येथे ‘वॅकी रिग’ म्हणतात, आणि लहान तळ्यासाठी याहून चांगली पद्धत मला अद्याप सापडलेली नाही. पाच इंची अळी, एक क्रमांकाचा गळ आणि ‘ग्रीन पम्पकिन’ म्हणून ओळखला जाणारा शेवाळी-तपकिरी रंग एवढे असले की मार्चअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत काम भागते.

या अळीचे तंत्र मात्र हाताला सवय असलेल्या सर्व गोष्टींच्या विरुद्ध जाते. अळी पाण्यात पडल्यावर दोरा ताणायचा नसतो. तो ढिला सोडून मनात दहा-बारा आकडे मोजायचे आणि नजर दोरा पाण्यात शिरतो त्या ठिकाणी ठेवायची. बास बहुतेक वेळा अळी खाली जात असतानाच घेतो, आणि घेतो म्हणजे तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, त्यामुळे हाताला झटका जाणवेलच असे नाही. दोरा एकाएकी थांबतो, किंवा बाजूला सरकू लागतो, किंवा आठ मोजण्याच्या जागी चारवरच ढिला पडतो. हे ओळखता येईपर्यंत माझा पहिला पूर्ण महिना गेला. अळी तळाला टेकली की काठी हातभर वर उचलावी, पुन्हा ढील द्यावी, आणि असे दोन-तीनदा झाल्यावर गुंडाळून दुसरीकडे फेकावी. कोकणात लहानपणी खाडीच्या काठावर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बोटाला गुंडाळून गरवायला बसत असू, तेव्हा माशाने गरीला मारलेली टोच बोटाला कळत असे. येथे ते काम डोळ्याने करावे लागते.

या आमिषाच्या दोन मर्यादा पद्धतीतूनच येतात. मिठाने भरलेले मऊ प्लास्टिक स्वभावतःच नाजूक असते आणि मध्यभागी गळ घातलेली अळी दोन-तीन माशांनंतर फाटते. अळीच्या कमरेला रबराचे लहान वेटोळे चढवून गळ त्याखालून घातला तर तीच अळी कितीतरी अधिक टिकते, आणि वेटोळी चढवण्याची प्लास्टिकची नळी काही डॉलरमध्ये मिळते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. दोरा ढिला असल्यामुळे मासा अळी खोलवर गिळू शकतो, म्हणून हालचाल दिसताच उरलेली ढील गुंडाळून लगेच काठी उचलावी. लहान मुले सोबत असली तर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. त्याने मासे थोडे निसटतात, पण घशातून गळ काढताना होणारी ओढाताण टळते.

अळी कोणती यापेक्षा ती कोठे आणि कोठून फेकली याला दीड एकरात अधिक महत्त्व आहे, आणि नवशिके (मीही त्यातलाच होतो) येथेच चुकतात. माणूस तळ्यावर येतो तो थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि अंगातील सारे बळ लावून मध्यभागी फेकतो. बास मात्र सकाळी आणि संध्याकाळी काठापासून हात-दोन हात अंतरावर, गवताच्या सावलीत, ब्लूगिलची वाट पाहत थांबलेला असतो. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म कंपने टिपते, म्हणून ओल्या मातीवर पडणारे जड पाऊलही त्याला कळते. आता मी काठापासून दहा-बारा फूट मागे उभा राहून पहिल्या तीन-चार फेका कडेला समांतर टाकतो, आणि त्यानंतरच पुढे सरकतो. सूर्य पाठीशी असला की आपली सावली पाण्यावर पडते, हेही ध्यानात ठेवावे लागते. नळीचे तोंड, जाळीदार चौथऱ्याची सावलीची बाजू, पाण्यावर झुकलेले झाड आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ या चार जागा सोडल्या तर आमच्या तळ्याचे उरलेले पाणी मासेमारीच्या दृष्टीने जवळपास रिकामेच आहे.

एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मे महिन्यात, पाणी सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की नर बास उथळ तळावर शेपटीने माती झाडून ताटाएवढी गोल घरटी करतो आणि अंड्यांची, नंतर पिलांची राखण करतो. अशा वेळी तो समोर येईल त्याच्यावर धावून जातो आणि पकडण्यास अतिशय सोपा असतो. न्यू जर्सीत मध्य एप्रिलपासून मध्य जूनपर्यंत बास पकडला तरी सोडून देण्याचा नियम आहे. नियम पाळूनही घरट्यावरचा नर उचलला तर तेवढ्या मिनिटांत ब्लूगिल अंडी फस्त करतात. लहान तळ्यात त्याचा परिणाम पुढच्या वर्षीच्या माशांवर होणार असल्याने स्वच्छ गोल ठिपके दिसले की मी तो काठ सोडून देतो.

शेवाळ आणि बुडालेल्या फांद्यांत वॅकी रिग अडकते, आणि तेथे जुनी ‘टेक्सास रिग’ उपयोगी पडते. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लहानसे वजन दोऱ्यात ओवून, वाकड्या मानेच्या गळाचे टोक अळीच्या अंगात लपवायचे, म्हणजे ते गवतात अडकत नाही. मऊ प्लास्टिकच्या अळीचा उगम १९४९ साली ओहायो राज्यातील ऍक्रन येथे निक क्रीम यांनी केलेल्या साच्यात आहे, आणि पुढे त्यांचा व्यवसाय टेक्सासमधील टायलरला गेला. लहान तळ्यासाठी माझी सूचना एवढीच की पाकिटावर सुचवलेल्या वजनाच्या निम्मे वजन घ्यावे. मी औंसाच्या सोळाव्या भागाचे, म्हणजे पावणेदोन ग्रॅमचे वजन वापरतो. त्यामुळे अळी शेवाळाच्या थरात रुतत नाही, त्याच्यावर अलगद बसते.

‘नेड रिग’विषयी माझे मत त्याच्या कीर्तीपेक्षा थोडे कमी उत्साहाचे आहे. कॅन्ससचे नेड केहडी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत म्हणजे अळंबीच्या टोपीसारख्या चपट्या वजनाच्या गळावर लावलेला पावणेतीन इंची प्लास्टिकचा तुकडा. झी-मॅन कंपनीचे प्लास्टिक स्वतः तरंगणारे असल्याने तो तुकडा तळावर शेपूट वर करून उभा राहतो, आणि ते इतके चिवट आहे की एकच तुकडा आठवडेच्या आठवडे चालतो. टणक, दगडी तळाच्या पाण्यात याला तोड नाही. आमच्या तळाला मात्र गाळ आणि शेवाळ आहे, उघड्या गळाला प्रत्येक फेकीत हिरवी दाढी चिकटते आणि सकाळचा निम्मा वेळ ती सोलण्यात जातो. ऑक्टोबरनंतर शेवाळ मरून गेल्यावर आणि पाणी थंड झाल्यावर मी तो बाहेर काढतो, तेव्हा तो चांगला चालतो. हे प्लास्टिक इतर मऊ प्लास्टिकबरोबर एकाच कप्प्यात ठेवू नये. दोन्ही एकमेकांत विरघळून चिकट गोळा होतो.

आता बेडूक. जुलैच्या मध्यावर आमच्या तळ्याचा तिसरा हिस्सा हिरव्या गालिच्याखाली जातो आणि बाकीची सर्व आमिषे निरुपयोगी ठरतात, तेव्हा पोकळ अंगाचा रबरी बेडूक हा एकच उपाय उरतो. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वरच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तो शेवाळावरून न अडकता सरपटतो, आणि माशाने चावल्यावर पोकळ अंग दबून गळ उघडे पडतात. बूया कंपनीचा ‘पॅड क्रॅशर’ मी वापरतो. बेडूक शेवाळाच्या पलीकडे फेकून लहान झटक्यांनी ओढावा, मध्ये दिसणाऱ्या मोकळ्या पाण्याच्या भोकात आणून थांबवावा आणि काही क्षण नुसते थरथरवावे. मासा घेतो तो बहुतेक वेळा तेथेच, आणि तो आवाज उथळ पाण्यात दगड टाकल्यासारखा असतो. तो ऐकताच काठी खेचण्याचा मोह आवरला पाहिजे. दोऱ्यावर माशाचे वजन आल्यावर ओढावे, अन्यथा बेडूक तोंडातून उडून थेट आपल्या अंगावर येतो. माझ्या हिशोबात बेडकावर धावलेल्या तीन माशांपैकी एकच हाती लागतो. तरीही उन्हाळ्यातील उत्तम मासे त्यानेच दिले आहेत.

महाराष्ट्रातील वाचकांना यात ओळखीचे काही वाटले असेल, तर ते साहजिक आहे. आपल्याकडे धरणांच्या फुगवट्यात आणि गावतळ्यांत मरळ पकडणारे हौशी लोक हाच पोकळ बेडूक वापरतात, आणि मरळीचीही पिलांवर राखण करण्याची, पाणवनस्पतींच्या आडोशाने दबा धरण्याची सवय तशीच आहे. मरळीच्याच गोत्रातील उत्तरेकडचा एक चुलतभाऊ २००२ साली मेरीलँडमधील क्रॉफ्टन येथे अशाच एका लहान तळ्यात सापडला तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली होती आणि ते तळे विष घालून रिकामे करण्यात आले. ज्या माशाच्या कालवणासाठी आपल्याकडे बाजारात भाव केला जातो, तो येथे परका शत्रू ठरला आहे.

संध्याकाळी, वारा पडून पाणी आरशासारखे झाले की आवाज करणाऱ्या आमिषांना माझ्या कसोटीतून सूट मिळते. ‘जिटरबग’ हे फ्रेड आर्बोगास्ट यांचे १९३० च्या दशकाच्या अखेरचे आमिष (हेही पुन्हा ऍक्रनचेच, टायर बनवणाऱ्या त्या शहराने बास पकडणाऱ्यांना बरेच काही दिले आहे) रुंद धातूच्या ओठामुळे डावी-उजवीकडे डुलत, ‘गुडगुड’ असा संथ आवाज करत येते. त्यासाठी कोणतेही कौशल्य लागत नाही. सारख्या गतीने गुंडाळत राहावे, आणि अंधारात मासा चुकू नये म्हणून गती बदलू नये. ‘पॉप-आर’ हे खोलगट तोंडाचे आमिष झटका देऊन थांबवायचे असते आणि पहाटे ते अधिक चांगले चालते. दोन्हींना तीन टोकांचे दोन-दोन गळ असतात. तडफडणारा मासा, सहा टोके आणि शेजारी उभे असलेले मूल ही जुळणी मला पसंत नसल्याने मी ते काढून एकेरी गळ बसवले आहेत.

जोरदार पाऊस पडून नळीतून मातकट पाणी आत आले की एक दिवस, फार तर दोन दिवस ‘बीटल स्पिन’ बाहेर काढावे. तारेवर फिरणारे लहानसे पाते आणि खाली मऊ प्लास्टिकचा किडा एवढीच त्याची रचना, पण गढूळ पाण्यात माशाला दिसण्याऐवजी जाणवण्याची गरज असते आणि ते काम हे पाते करते. यावर बासपेक्षा ब्लूगिलच अधिक लागतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला त्याचे काही वाईट वाटत नाही. खोल जाणाऱ्या ‘क्रँकबेट’वर, म्हणजे पुढे ओठ असलेल्या माशाच्या आकाराच्या टणक आमिषांवर, येथे पैसे घालवू नयेत, कारण त्यांचा ओठ दुसऱ्याच फेकीत गाळ उकरू लागतो.

काठीविषयी थोडक्यात सांगायचे तर साडेसहा-सात फुटांची मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी, २५०० आकाराचे रीळ आणि आठ पौंडांचा ताण सहन करणारा दोरा पुरतो. मी शेक्सपिअर कंपनीची ‘अग्ली स्टिक’ वापरतो. ती जड आहे, पण गाडीच्या दारात सापडूनही तुटलेली नाही. बेडकासाठी मात्र वेगळे रीळ ठेवून त्यावर तीस पौंडांचा विणलेला दोरा भरावा, कारण साध्या दोऱ्याची ताण घेण्याची सवय शेवाळातून मासा उपसताना नडते. विणलेला दोरा निसरडा असल्याने त्याला ‘पालोमार’ गाठ मारावी आणि घट्ट करण्यापूर्वी ती ओली करावी.

गेल्या उन्हाळ्यात आई येथे आली असता मी अडीच पौंडांचा बास पकडून, ओल्या हाताने खालच्या ओठाला धरून, तिला दाखवला आणि पाण्यात सोडला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सोडायचाच होता, तर त्याला इतका त्रास कशाला दिलास?” या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. एवढे मात्र खरे की या तळ्यात आसपासच्या हिरवळींवरील खते आणि तणनाशके वाहून येतात, त्यामुळे येथील मासा मी खाणार नाही, आणि दीड एकरात मोठे मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. उन्हाळ्याच्या भर दुपारी तापलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यातून थकून आलेला मासा सोडल्यावरही दगावू शकतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी सकाळी आठनंतर काठी उचलत नाही. फाटलेल्या अळ्या पाण्यात टाकू नयेत. मासे त्या गिळतात आणि त्या पचत नाहीत. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला (सत्तरीपुढील राज्यवासी सोडून) राज्याचा परवाना काढावा लागतो, आणि वसाहतीच्या तळ्यासाठी रहिवासी संघाची परवानगी वेगळी विचारून घ्यावी.

बासचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी केला. मासा २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १०.१ किलोचा होता, आणि जागा होती ऑकमल्गी नदीच्या तुटलेल्या वळणातील साचलेले पाणी. त्या दिवशी त्यांच्याजवळ एकच आमिष होते असे सांगितले जाते. माझा मोह अद्याप एवढा आटोक्यात आलेला नाही. तरी या मार्चमध्ये दुकानात गेलो तेव्हा सेन्कोची दोन पाकिटे, रबरी वेटोळी आणि एक क्रमांकाचे गळ यांखेरीज काही घेतले नाही. बेडूक गेल्या वर्षीचाच आहे. डावीकडे-उजवीकडे वळत यावा म्हणून त्याच्या पायांच्या झालरी कात्रीने थोड्या आखूड केल्या आहेत, आणि पोटात शिरणारे पाणी दर चार-पाच फेकींनंतर दाबून काढावे लागते.